सरळ पाठीची जाऊ

तुळसाबाईबद्दल लिहायला माझ्याइतकं लायक गावात कोणी नाही. तिच्यावर माया करणारे पुष्कळ आहेत, पण मायेचं माणूस एकदा डोळे भरून पाहतं आणि आपल्या कामाला लागतं. मी पंधरा-सोळा वर्षं तिच्याकडे टक लावून पाहिलं. हेवा करणाऱ्याचं लक्ष कधी ढळत नाही.

ती माझी धाकटी जाऊ. माझे मालक जगदेव थोरले, तिचे जानराव धाकटे. अनसिंगच्या वाटेवर आमचं गाव, घरची कपाशी आणि ज्वारी. मी वाशीमची. वडील कचेरीत शिपाई होते, म्हणून मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. लिहिता-वाचता येणारी सून त्या काळात गावात मी एकटीच, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे.

पण सासरी माझं नाव झालं ते शाळेमुळे नाही, वाकण्यामुळे. आमच्या घरची रीत अशी की वडीलधारी माणसं ओसरीवर बसलेली असली तर सुनेनं पदर कपाळाखाली ओढायचा आणि अंग चोरून पुढून जायचं. इतर सुना नुसती मान खाली घालायच्या. मी कमरेतून अर्धी व्हायची. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची मनकर्णा पाहा, कणसानं भरलेल्या ज्वारीवानी वाकते." मी बारा वर्षांची होते तेव्हा. कौतुक गोड लागतं. मी आणखी वाकायला लागले, आणि पुढे तर ओसरीवर कोणी नसलं तरी तशीच चालू लागले.

सात वर्षं हे कौतुक माझं एकटीचं होतं. मग तुळसाबाई आली.

तिचं माहेर मानोऱ्याकडचं, तांड्याच्या शेजारचं. साथीच्या तापात तिची माय गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. घरचं सगळं पाणी तिच्या अंगावर पडलं, आणि विहीर मैलभर लांब. ती लहानगी कमरेवर घागर घेऊन तिरपी-तिरपी चालताना तांड्यातल्या नानीबाई नावाच्या बंजारा बाईनं पाहिली. नानीबाईनं तिला थांबवून घागर उतरवली, फडक्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्याबरोबर न्यायला लागली. लमाणी बाया एकावर एक दोन हंडे डोक्यावर घेऊन गप्पा मारत चालतात, त्यांच्यात ही वाढली. हे सगळं मला फार उशिरा कळलं. आधी विचारलं असतं तर आधी कळलं असतं, पण मी कशाला विचारते!

लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ती ओसरीवरून गेली. सासरे पान खात बसले होते. पदर नाकापर्यंत, नजर जमिनीवर, सगळं रीतीप्रमाणे. पण पाठ अशी सरळ की मला धडकीच भरली. सासूबाईंनी आत बोलावून झापलं, "तुह्या मायनं खाली मान घालाले शिकवलं नाही काय?"

ती म्हणाली, "डोळे खाली ठेवतो न, आत्याबाई. पाठ कायले खाली ठेवू?"

मला वाटलं, आता हिची खैर नाही. आणि बाहेर ओसरीवर सासऱ्यांना हसू फुटलं. सात वर्षांत त्या माणसाला माझ्यामुळे एकदाही हसू आलं नव्हतं. त्या दिवशी जे माझ्या पोटात दुखायला लागलं ते पुढे राहिलंच.

मग काय, तिचं प्रत्येक काम मला सलायला लागलं. पाण्याला आम्ही बरोबर जायचो. ती डोक्यावर घागर ठेवायची, दोन्ही हात मोकळे, आणि बोलत बोलत घरी यायची. मी घागर डाव्या कमरेवर घ्यायची, कारण उजवा हात पदरासाठी हवा. घरी पोचेपर्यंत माझं अर्धं लुगडं भिजलेलं. एकदा मालक दारात उभे होते. म्हणाले, "तिचं डोक्यावरचं पाणी हालत नाही, अन् तुह्यं कमरेवरचं सांडून राह्यलं." सहज बोलले असतील. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

कापूस वेचतानाही तेच. वेचलेला कापूस टाकायला आम्ही सगळ्याजणी पोटाशी ओटी बांधतो. ती फुगून गुडघ्यांपर्यंत लोंबली की पाठ आपोआप पुढे ओढली जाते. तुळसाबाई ओटी अर्धी भरली की रिकामी करून यायची. आम्ही म्हणायचो, काम टाळते. दिवस मावळता तिचा ढीग माझ्यापेक्षा मोठा असायचा. निंदतानाही ती मधेच विळा उजव्या हातातून डाव्यात घ्यायची. आणि ओळ संपली की उभी राहून दोन्ही हात कमरेच्या मागे टेकवून वर आभाळाकडे पाहायची. "आभाळात कापूस लागला काय व, तुळसा?" मी विचारायची. सगळ्या खदखदा हसायच्या. तीही हसायची, आणि पुढच्या ओळीच्या शेवटी पुन्हा तेच करायची.

तिला मूल झालं नाही. माझी चार झाली. तिच्यावर मात करायला माझ्याजवळ एवढंच होतं आणि ते मी वापरलं. एकदा विहिरीवर कोणीतरी म्हणालं, "तुळसाची पाठ पाहा, सोट्यावानी." मी म्हटलं, "चार बाळंतपणं झाली असती म्हंजे समजलं असतं." तुळसाबाई तिथेच होती. तिनं गुडघे मोडून घागर उचलली, डोक्यावर ठेवली आणि निघाली. पाठ सरळच. निदान त्या वेळी तरी ती वाकायला हवी होती, असं माझ्या मनात आलं. इतकी मी वाईट होते, आता लपवून काय करू.

रुख्मिणी माझी थोरली. सात वर्षांची झाली तशी ती धाकट्या भावांना कडेवर घेऊन फिरू लागली, माझ्यासारखंच डाव्या कडेवर. मग घागरही डाव्याच कमरेवर. आणि चांगलं वळण लागावं म्हणून मी येता-जाता तिची मान धरून खाली दाबायची. "खाली पाह्य. अजून खाली." सासूबाईंनी माझं केलं तसं कौतुक कोणीतरी तिचं करावं, हीच इच्छा. चौदाव्या वर्षी तिची डावी कंबर बाहेर निघाली होती आणि उजवा खांदा खाली उतरला होता. रोज डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. माझी नजर सदा तुळसाबाईवर. पोरीकडे पाहायला सवड कुठे होती?

दिसलं ते परक्यांना. वाशीमकडचे लोक तिला पाहायला आले. बायकांनी रीतीप्रमाणे सांगितलं, "पोरी, चालून दाखव." ओसरीपासून गोठ्यापर्यंत ती गेली आणि आली. मुलाची आत्या शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पोट्टीच्या कमरेत खोट हाय." सुपारीला हात न लावता ते उठले. आठ दिवसांत विहिरीपर्यंत बातमी गेली: जगदेवची पोरगी वाकडी. रुखमानं पाण्याला जायचं सोडलं. अशा बातमीला पाय फुटतात. आणखी एखाद्या घरानं असंच तोंड फिरवलं असतं तर ती जन्मभर माझ्या घरात कोपरा धरून बसली असती.

संध्याकाळी तुळसाबाई माझ्या चुलीपाशी आली. म्हणाली, "जाऊबाई, पोरीचं हाड वाकडं नाही. मी पाठीवरून हात फिरवून पाह्यला. पालथी झोपली की मणके सरळ रेघेत येतात. वाकडी हाय ते सवय. मले सहा महिने द्या तिले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पोरीच्या पाठीवरून हिनं हात फिरवला कधी? मी म्हटलं, "तुले नाही झालं म्हणून माही पाहिजे काय?"

ती उठून गेली.

मग मी ठरवलं, यात आहे काय एवढं. चुंबळ मलाही वळता येते. चौथी शिकलेल्या बाईला तांड्यातली विद्या जमणार नाही होय! दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुखमाला विहिरीवर नेलं आणि काठोकाठ भरलेली तांब्याची घागर तिच्या डोक्यावर ठेवली. पहिल्याच दिवशी. म्हटलं, तुळसाबाईला सहा महिने लागतात, मी महिन्यात करून दाखवते. पोरगी वीस पावलं गेली. घागर एका अंगाला कलली, ती सावरायला गेली आणि मान लचकली. घागर पडली तिचं काही नाही, पण आठ दिवस पोरीला मान वळवता येईना. कोणी हाक मारली की सबंध अंगानं वळायची. मी तेल चोळत होते तेव्हा ती म्हणाली, "माय, तू राग काकीवर करतं, अन् तो माह्या मानेवर येते."

चौदा वर्षांच्या पोरीनं मला एवढं नागवं केलं. मी तेलाची वाटी तशीच ठेवून उठले. थोरल्या जावेनं धाकटीच्या दारात काही मागायला जायचं नसतं. मी गेले. नुसतं "चाल" म्हटलं. तुळसाबाईनं कशाला, कुठे, काही विचारलं नाही. उठता उठता एवढंच म्हणाली, "शेक दिला काय मानेले?" एक टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. तेवढंही सुख तिनं मला दिलं नाही.

मान बरी झाल्यावर तिनं सुरुवात केली. डोक्यावर महिनाभर काहीच नाही. आधी भिंत. टाचा, ढुंगण, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग, सगळं भिंतीला टेकवून उभं राहायचं, हनुवटी वर न करता, वीस श्वास. सकाळी एकदा, दिवे लागायच्या आधी एकदा. मग गोठ्यामागच्या कडुलिंबाच्या खालच्या फांदीला दोन्ही हातांनी धरून लोंबायचं, पायाची बोटं जेमतेम टेकतील इतकं. कमरेवर घागर घ्यायची नाही म्हणजे नाही. लहाना भाऊ एक दिवस उजव्या कडेवर, एक दिवस डाव्या. जात्यावर बसलं की अर्धी पायली झाल्यावर लांब केलेला पाय बदलायचा आणि हातही बदलायचा. जमिनीवरचं काही उचलायचं तर कमरेतून वाकायचं नाही. जवळ जायचं, गुडघे मोडून बसायचं, वस्तू पोटाशी धरायची आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं.

महिन्यानं चुंबळ आली, त्यावर रिकामा तांब्या. मग अर्धा भरलेला. मग लहान कळशी. "पाण्याशी भांडू नको," ती सांगायची, "दहा पावलांवर नजर ठेव. मान लांब कर, कोणी चोटी धरून वर ओढून राह्यलं असं समज." रुखमा हसायची आणि तांब्या पडायचा. मग दोघी हसायच्या. मी सूप घेऊन पाखडत बसलेली असायची आणि ते हसणं ऐकायची. माझ्याजवळ असताना पोरगी तशी कधी हसली नव्हती. सासूबाईसुद्धा फितूर झाल्या. जात्यावरून उठताना त्यांची कंबर धरायची, तर तुळसाबाईनं त्यांना बसायला उंच पाट दिला. आता त्या गावभर तुळसाबाईचं नाव सांगत फिरायच्या.

एकदा तुळसाबाई मला म्हणाली, "तुमी बी या न, जाऊबाई, भिताडाशी. तुमची पाठ पुरी नाही, पण अर्धी तरी सुटन."

"माही पाठ मले पुरते," मी म्हटलं.

पण घरात कोणी नसताना मी उभी राहून पाहिलं, गोठ्याच्या भिंतीशी. टाचा टेकल्या, पाठ टेकली. डोकं टेकेना. चार बोटं अंतर राहिलं. जोर केला तर मानेत कळ आली. तेव्हा माझं वय पस्तीस. तुळसाबाई माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी लहान, आणि बाजारात कोणी पाहिलं तर मला तिची सासू समजायचं. मी हे तिला कधी सांगितलं नाही, आणि भिंतीशीही पुन्हा गेले नाही. रोज गेले असते तर काही सुटलं असतं, हे मला कळत होतं. पण ती विद्या तिची होती. तिच्या विद्येनं सरळ होण्यापेक्षा मी वाकडी बरी, असं माझं डोकं.

सहाचे नऊ महिने लागले. मग मंगरूळपीरकडचे लोक आले, चांगल्या शेतीचं घर. मुलाची आजी बरोबर होती, साठीची, सुपारी कातरल्यासारखं बोलणारी. रुखमा डोक्यावर कळशी घेऊन अंगणातून आली, गुडघे मोडून खाली ठेवली, पाणी दिलं. कोणी चालून दाखव म्हणायची गरजच पडली नाही. आजीनं आधी पोरीकडे पाहिलं, मग सतरंजी अंथरणाऱ्या तुळसाबाईकडे, आणि खूश होऊन म्हणाली, "मायच्या वळणावर गेली पोट्टी."

आत माझं काळीज करपलं. तुळसाबाई चटकन म्हणाली, "मी काकी. माय ते, दारात उभी हाय ते."

आजीनं माझ्याकडे वळून पाहिलं. खालपासून वरपर्यंत, आणि वर पाहायला फारसं नव्हतंच. तिचा चेहरा उतरला. "अव्वो! माय अशी? मंग लेक बी उद्या अशीच वाकीन. रगतातलं कुठी जाते?"

मालक आपल्या पायांकडे पाहत बसले. रुखमा माझ्याकडे पाहत होती. नऊ महिन्यांची मेहनत माझ्या एका पाठीमुळे पाण्यात जायला निघाली होती, आणि ती वाचवायची तर जे मी पंधरा वर्षं गिळत आले ते सगळ्यांसमोर, सासूबाईंसमोर बोलायला हवं होतं. मला ते बोलायचं नव्हतं. देवाशपथ, त्या क्षणालाही नव्हतं.

मी पुढे झाले. म्हटलं, "रगताचं काही नाही, आजी. माही माय पंचावन्नची हाय, वाशीमले जाऊन पाहा, अजून सरळ चालते. ही पाठ मी आपल्या हातानं वाकवली. लोक चांगलं म्हणत, म्हणून वाकत गेली. पोरीची बी मीच वाकवत होती. तिले सरळ केलं ते माह्या जावेनं. मी मधात आडवी आली होती, तरी केलं."

इतकं एका दमात बोलले. तुळसाबाईचे डोळे भरले होते. मला वाटलं होतं की बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. आपली वस्तू आपल्याच हातानं दुसऱ्याला देऊन टाकल्यासारखं वाटलं.

आजीनं रुखमाला जवळ बोलावलं, पाठमोरी उभी केली आणि मानेपासून कमरेपर्यंत एकेक मणका चाचपला. मग म्हणाली, "पोरगी केली आमी. पण एक गोष्ट ऐका. पाठराखीण म्हणून हे काकीच आली पाहिजे, अन् महिनाभर राह्यली पाहिजे. माह्या घरी पाच सुना हायत, अन् पाचही अशाच." हे म्हणताना तिनं माझ्याकडे बोट केलं. सगळे हसले. मीही हसले, न हसून कोणाला सांगते.

नवरीसोबत पहिल्यांदा सासरी जाणारी बाई ती पाठराखीण. आईनं जायचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी महिनाभर माझी लेक हिच्याजवळ झोपणार, हिच्या हातचं खाणार, नवं घर हिच्याबरोबर पाहणार, या विचारानं लग्नाची सगळी कामं मी दात-ओठ खात केली.

बिदाईच्या वेळी रुखमा माझ्या गळ्यात पडायला आली. ती उंच झाली होती, की मीच खाली गेले होते, तिला माझ्यासाठी वाकावं लागलं. मी म्हटलं, "वाकू नको व, माय. सरळ उभी राह्य." ती रडता रडता सरळ झाली. मग तिच्या तोंडापर्यंत माझं तोंड पोचेना. तिच्या खांद्यावरच कपाळ टेकून मी रडले. तुळसाबाई आधीच गाडीत बसली होती. तिनं हात दिला आणि पोरीला वर घेतलं.

नवरदेवाची गाडी पुढे, या दोघींची मागे. मंगरूळच्या रस्त्यावर फुफाटा उडाला आणि लुगड्यांचे रंग दिसेनासे झाले. दोघी पाठमोऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, गाडी खड्ड्यात आदळली तरी सारख्याच सरळ. मालक डोळ्यांवर हात धरून पाहत होते. म्हणाले, "रुखमा कोणती व त्यातली?"

"डावीकडची," मी म्हटलं.

खरं म्हणजे मलाही ओळखू येत नव्हतं.